मला मालकाचं काम द्या

काही वर्षं मी गावोगाव जाऊन लोकांना पाणी वाचवायला शिकवत होते. नांदेडहून जीपनं जायचं, बॅनर लावायचा, डफ वाजवायचा आणि ज्या बाया दोन घागरी डोक्यावर अन् एक कमरेवर घेऊन ओढ्याचा चढ चढतात त्यांना सांगायचं, की बायांनो, पाणी जपून वापरा. सांगणारी कोण, तर मी. माझ्या घरी नळ आला की मोटार सुरू व्हायची, टाकी भरून गच्चीवरून पाणी गटारात जायचं, आणि शेजारीण ओरडली की मग कोणीतरी उठून बटण बंद करायचं. याची मला तेव्हा काडीची लाज वाटली नाही. आता वाटते, पण तिचा कोणाला उपयोग नाही.

आमच्या नाटकाला सहभागी नाटक म्हणत. म्हणजे नाटक पुरं करायचंच नाही. गोष्ट अगदी पेचात आणायची आणि तिथंच थांबवायची. मग मी पुढं व्हायचं आणि विचारायचं, "सांगा, आता इथं काय करायला पाहिजे?" बघणाऱ्यांतलं कोणी उठून नटाच्या खांद्यावर हात ठेवायचा, नट बाजूला व्हायचा, आणि गावचा माणूस त्याच्या जागी उभा राहून तोच प्रवेश आपल्या पद्धतीनं करून दाखवायचा. कल्पना चांगली आहे. मी आजही तिला नावं ठेवणार नाही. नावं ठेवायची ती आम्हाला.

हे आम्ही लातूरला शिकलो, पाच दिवसांच्या शिबिरात. ज्या शहराला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या शहरात थंडगार हॉलमध्ये बसून आम्ही पाण्यावर चर्चा केली. प्रत्येकापुढं एक छोटी बाटली. दोन घोट प्यायचे, बाटली कुठंतरी विसरायची आणि नवी उघडायची. संध्याकाळी पोरं पोतं घेऊन अर्ध्या भरलेल्या बाटल्या गोळा करायची. प्रशिक्षक पुण्याहून आले होते. खादीचा कुर्ता, हातात चांदीचं कडं, आणि बोलता बोलता मध्येच डोळे मिटून गप्प राहायची सवय. ते गप्प झाले की आम्ही पण गप्प व्हायचो, न जाणो काही महत्त्वाचं चाललं असेल.

त्यांनी आम्हाला एक नियम दिला. प्रेक्षकानं जागा घ्यायची ती ज्याच्यावर अन्याय होतो त्याची. अन्याय करणाऱ्याची जागा कधीच कोणाला घेऊ द्यायची नाही. कारण काय, तर लोक उठतात, सावकाराचं किंवा दारुड्या नवऱ्याचं काम घेतात आणि एकदम देवमाणसासारखं वागायला लागतात. मग प्रश्न जादूनं सुटतो आणि कोणी काहीच शिकत नाही. हे मला इतकं पटलं की वहीत लिहून त्याच्याखाली दोनदा रेघ मारली. नियम पाठ झाल्यावर जी एक ऐट येते ना अंगात, ती माझ्या अंगात आली. मला वाटलं, आता आपण नुसत्या नाटकवाल्या राहिलो नाही, आपल्याकडं शास्त्र आहे.

ते गाव देगलूरच्या बाजूचं. तिकडच्या बाजारात एकाच दुकानापुढं माणूस भाव कानडीत विचारतो, घासाघीस तेलुगूत करतो आणि भांडतो मराठीत. गावाचे दोन भाग. वरची आळी, तिथं देऊळ, शाळा आणि पक्की घरं. खाली ओढ्याच्या काठाला वस्ती, तिथं बुद्धविहार आणि त्याच्या खालच्या अंगाला सार्वजनिक विहीर. विहीर वस्तीची म्हणायची खरी, पण उन्हाळ्यात वरच्या आळीचे नळ कोरडे पडले की अख्खं गाव तिच्यावर यायचं. विहिरीला लागून एक शेत होतं, ते गावात ज्यांना सगळे काका म्हणत त्यांचं. काका म्हणजे इस्त्रीचे पांढरे कपडे, बारीक आवाज आणि प्रत्येकाची चौकशी. आमची जीप थांबली तेव्हा सगळ्यात आधी तेच पुढं आले. देवळापुढची जागा त्यांनी झाडून घेतली होती, सतरंज्या त्यांच्या घरच्या, लाऊडस्पीकर त्यांचा, आणि त्याची वायर त्यांच्याच घरातून आलेली. चहासुद्धा त्यांचाच.

मग सत्कार. आपल्याकडं शाल आणि नारळ दिल्याशिवाय कार्यक्रम सुरू झाला असं कोणी मानत नाही. ज्यानं वीज दिली त्याचा सत्कार आधी, हा आमचा शिरस्ता. तेव्हा पाणी वाचवायच्या नाटकाआधी मी काकांच्या खांद्यावर शाल घातली आणि माइकवरून म्हटलं, की अशी जाणती माणसं गावोगाव असती तर आमच्यासारख्यांची गरजच पडली नसती. काकांनी मान खाली घातली. फार नम्र माणूस.

गावात येण्याआधी आम्ही पाहणी केली होती, असं कागदावर आहे. नळ किती, हातपंप किती, शौचालयं किती, हे सगळं विचारलं होतं. येत्या महिन्यात कोण कुठं बोअर घेणार आहे, हे विचारायचा रकाना त्या फॉर्मवर नव्हता. आणि फॉर्मवर जे नाही ते आम्ही विचारत नसू.

आमचं नाटक सगळ्या गावांत एकच असायचं. एक मालक सार्वजनिक विहिरीला खेटून बोअर घ्यायचं ठरवतो. गावातल्या एका गरीब घरची सून घागर घेऊन विहिरीवर येते आणि बोअरची गाडी उभी बघते. तिला कळतं की या बोअरनं विहीर आटणार. ती मालकाला हात जोडते, मालक तिला हाकलतो, आणि नाटक थांबतं. मालकाचं काम आमचा मुदखेडचा नट करायचा. दिवसा विमा विकायचा, त्यामुळं गोड बोलून हाकलायचं कसं हे त्याला शिकवावं लागलं नाही. खांद्यावर एक पांढरं उपरणं टाकलं की झाला मालक.

दुपार कलली होती. गाव चांगलं जमलं होतं. वरच्या आळीचे पुरुष देवळाच्या पायऱ्यांवर, बाया सतरंजीवर, वस्तीची माणसं लिंबाखाली, आणि काका पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीत शाल मांडीवर घेऊन. गाव असं एका जागी पुन्हा बसलं नाही, हे मला नंतर कळलं. नाटक पेचात आलं. मी पुढं झाले आणि नेहमीचं बोलले. "हे नाटक आहे. इथं कोणी काही बोललं तर कोणाला राग यायचा नाही. जे रोज बोलता येत नाही ते इथं बोला. या, पुढं या!"

अशा वेळी गाव कसं गप्प होतं ते आम्हाला माहीत होतं. पाच-सात मिनिटं कोणी हलत नाही, बाया एकमेकींना ढोसतात, पोरं फिदीफिदी हसतात. मग आधीच सांगून ठेवलेली बचत गटाची अध्यक्ष उठते. हो, आधीच सांगून ठेवलेली. फोटो यायला पाहिजेत म्हणून आम्ही प्रत्येक गावात एक सहभाग अगोदरच ठरवून ठेवायचो.

पण त्या दिवशी पहिल्याच हाकेला वस्तीतली एक बाई उठली. अंगणवाडीची मदतनीस होती. पन्नाशीची, सुकलेली, अंगणवाडीचीच साडी नेसलेली. रोज सकाळी दारोदार जाऊन लेकरं गोळा करून आणायचं तिचं काम. ती सरळ चालत आली आणि सुनेकडं न बघता मालकापुढं उभी राहिली. नटाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचं उपरणं काढून आपल्या खांद्यावर घेतलं.

माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. दोन रेघांची.

"मावशी, तिकडं नाही," मी म्हटलं. "सुनेची जागा घ्या."

"सुनेचं न्हाई करायचं मला. मला मालकाचं काम द्या."

लोक हसले. लिंबाखाली कोणीतरी शिट्टी मारली. मी पण हसले, समजूतदार माणसं हसतात तसं. आणि तिला शिकवलं. माइकवर, सगळ्या गावासमोर, लहान पोराला समजवावं तशा आवाजात मी तिला सांगितलं की आमच्या नाटकाचा एक नियम आहे, ज्याच्यावर अन्याय होतो त्याचंच काम घ्यायचं असतं, मालकाचं नसतं घ्यायचं.

"पन मला जे दाखवायचंय ते मालकाचंच हाय," ती म्हणाली. "सुनेच्या तोंडून ते येत न्हाई, म्याडम. जरा येळ द्या."

मी पुन्हा नियम सांगायला माइक तोंडाशी नेला. तेवढ्यात खुर्चीतून काका बोलले, अगदी हळू, मायेनं. "अगं, म्याडमनी सांगितलं न्हवं? त्यांची पद्धत आसती. नियमानं होऊ दे. बस तू."

मला इतकं बरं वाटलं! कार्यक्रम सांभाळून घेणारं कोणीतरी आहे म्हणून मी काकांकडं बघून मान हलवली, आभार मानल्यासारखी. तिनं ते बघितलं. मग उपरणं खांद्यावरून काढलं, नीट घडी केली, नटाच्या हातात दिलं आणि लिंबाखाली जाऊन बसली. आणि मी, काय करावं मी, माइकवर म्हणाले, "मावशींसाठी टाळ्या! उठल्या तरी!" गावानं टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मी बरीच निर्लज्ज कामं केली असतील, पण त्या टाळ्यांइतकं निर्लज्ज काम दुसरं आठवत नाही.

पुढचं ठरल्याप्रमाणं झालं. बचत गटाची अध्यक्ष उठली, सुनेची जागा घेतली, पदर खोचला आणि सगळ्या बायांना हाक मारली. बाया हात वर करून उभ्या राहिल्या. आमच्या नटानं जरा विरोध केल्यासारखं केलं आणि माघार घेतली. जादूनं प्रश्न सुटू द्यायचा नाही असं प्रशिक्षकांनी बजावलं होतं, पण ही जादू फोटोत चांगली दिसायची, म्हणून चालायची. मग शपथ झाली. पाण्याचा थेंब थेंब जपेन वगैरे. काकांनी पण हात पुढं करून शपथ घेतली आणि माइकवर येऊन पाणी म्हणजे जीवन असं सांगितलं. बॅनर धरून फोटो. चहा. जीप.

परत येताना मी जाम खुशीत होते. नियम नीट सांभाळला म्हणून बाकीच्यांना पुन्हा एकदा समजावून सांगत होते. आमचा मुदखेडचा नट मध्येच म्हणाला, "मॅडम, त्या बाईला काहीतरी सांगायचं होतं."

"मग सुनेच्या तोंडून सांगायचं की," मी म्हटलं.

तो खिडकीबाहेर बघायला लागला. रस्त्यात कुठंतरी उसाची ट्रॉली उलटली होती, तिथं आमचा अर्धा तास गेला आणि तो विषय मागं पडला.

अहवालात मी लिहिलं, 'एका महिलेचा पद्धतीविषयी गैरसमज झाला होता, तो तिथंच दूर करण्यात आला.' प्रशिक्षकांचा पुण्याहून फोन आला. म्हणाले, असा मोह आवरणं फार अवघड असतं, तुम्ही छान आवरला. पुढच्या शिबिरात त्यांनी माझं उदाहरण दिलं. मी तिथं बसून ते ऐकलं आणि नव्या मुलींना प्रश्नांची उत्तरंही दिली.

हे सगळं दिवाळीनंतरचं. चैत्रात मी पुन्हा त्या गावात गेले, नाटकाचा परिणाम किती झाला ते मोजायला. मोबाइलमध्ये फॉर्म होता. गावात शिरताना देवळापुढं टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली होती. मी वस्तीकडं उतरले. विहिरीत डोकावले तर तळाला हिरवट चिखल आणि त्यात कोणाची तरी तुटकी बादली. विहिरीपासून तीस-चाळीस पावलांवर, काकांच्या शेताच्या बांधाला, निळा केसिंग पाइप वर आलेला होता. मोटार चालू होती. पलीकडं ऊस हिरवागार.

अंगणवाडीत मदतनीस मावशी लेकरांची ताटं राखेनं घासत होती. घासलेली ताटं धुवायला पाणी नव्हतं म्हणून कोरड्या फडक्यानं पुसत होती. मला बघून तिनं खुर्ची दिली. मी विचारलं, बोअर कधी झाला?

"तुमची जीप गेली अन् तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली."

"कोणी अडवलं नाही?"

"कोन आडवनार?" एवढंच म्हणाली आणि पुढचं ताट घेतलं.

मी मग काय केलं, तर फॉर्म काढला. खोटं कशाला सांगू. एवढ्या लांबून आलोय तर फॉर्म भरूनच जाऊ, असं माझ्या मनात आलं. एकेक प्रश्न विचारत गेले आणि ती बिचारी नीट उत्तरं देत गेली. नाटक समजलं का? समजलं. आवडलं का? हाव. एक प्रश्न होता, 'नाटकामुळे सर्वांसमोर बोलण्याचा तुमचा आत्मविश्वास वाढला का? थोडा, बऱ्यापैकी, खूप.' तो मी अर्धाच वाचला. मी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. आणि जे त्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. "मावशी, तुम्हाला मालकाचं काम कशाला पाहिजे होतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. थट्टा करते की काय, असं तपासून बघितल्यासारखं. मग हात पुसले, पदर काढून उपरण्यासारखा खांद्यावर टाकला आणि उभी राहिली. खांदे जरा खाली आले, मान किंचित कलली, आवाज बारीक झाला. माझ्यासमोर काका उभे राहिले. मी इतकी वर्षं नाटकात आहे, पण असं काम मी रंगमंचावर फार थोड्या वेळा बघितलं आहे.

ती अंगणवाडीच्या दाराशी गेली आणि चौकटीवर बोटानं टकटक केलं. "आहे का कोनी घरात? काही न्हाई, सहज आलो. बोअर घेऊन राहिलो बांधाला. वस्तीतले समदे हो मनलेत बरं का, त्यांला मी एक तोटी देनार हाय. त्यांचीच हीर, ते हो मनलेत, मग आपन वरच्या आळीनं कशाला तकरार करावी?"

मग चार पावलं चालून भिंतीपाशी गेली, जणू ती दुसरी चौकट. पुन्हा टकटक. आवाज तसाच, फक्त मायेचा जरा जास्त. "काय गं, लेकरं बरी हाईत न्हवं? बोअरचं तुला कळलंच आसंल. समद्या वरच्या आळीनं ठरवलंय, ठराव बी झालाय. मी तर नको मनत होतो. आता गावाच्या आडवं जाऊ नका, तुमालाच तरास व्हईल."

मग तिसरी चौकट, खिडकीजवळ. "बचत गटाच्या ताई, फिकीर करू नका. बोअर हिरीजवळ न्हाई, वढ्याच्या पल्याड घेनार हाय. पानी शोधनाऱ्या पानाड्यानं नारळ तिकडंच उभा करून दाखवला."

एवढं करून तिनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि ती मदतनीस झाली. लेकरं दारात उभी राहून बघत होती.

"रोज सकाळी म्या दारोदार जाते ना लेकरं आनायला," ती म्हणाली. "प्रत्येक दारात येगळंच ऐकू आलं. वरच्या आळीला वाटलं वस्ती हो मनली, वस्तीला वाटलं वरची आळी हो मनली. हो कोनीच मनलं न्हवतं. ठराव बी न्हवता. तीन दारं मला एकटीलाच ठाऊक."

"मग तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. एकेकाला सांगितलं तर मनतात, काका आसं बोलनारच न्हाईत, तूच काईबाई जोडतीस. समदे एका जागी पायजे होते, अन् काका बी समोर पायजे होते. तवा तीन दारांवरचं एकामागं एक करून दाखवलं आसतं, तर जो तो शेजारच्याला मनला आसता, अरे, तुला आसं सांगितलं व्हय? खोटं बोलले मनून मला तोंडावर मनता येत न्हाई. पन तुमीच मनलाव, नाटक हाय, कोनी राग धरत न्हाई."

मला सगळं कळत होतं, तरी तोंडातून निघालंच. "सुनेचं काम घेऊन नसतं का दाखवता आलं?"

असला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला खरं तर हाकलून द्यायला पाहिजे. तिनं शांतपणे सांगितलं, जसं त्या दिवशी मी तिला सांगितलं होतं तसं, पण माझ्यासारखा आवाज न काढता. "सुनेला एकच दार हाय, म्याडम. तीनी दारांवर मालकच जातो."

पाच दिवसांचं शिबिर, पुण्याचे प्रशिक्षक, दोन रेघा, अहवाल, पुढच्या शिबिरातलं माझं उदाहरण. हे सगळं एका बाजूला, आणि आठवी पास बाईचं हे एक वाक्य एका बाजूला. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं." तिनं फडकं उचलून पुढचं ताट पुसायला घेतलं. चुकलं म्हणणारे तिनं पुष्कळ बघितले असावेत.

वरून टँकरचा हॉर्न आला. तिनं कोपऱ्यातल्या दोन घागरी उचलल्या, लेकरांना आत बसायला सांगितलं आणि दाराशी थांबून एकदा विहिरीकडं बघितलं.

"पाच मिन्टांचं काम होतं, म्याडम," ती म्हणाली. "अन् तवा हिरीत पानी होतं."